आजोळची वही आणि एमआरआयची सीडी : ल्युकोडिस्ट्रॉफीच्या निदानापर्यंत सोलापुरातून कसं पोहोचायचं

आमच्या मिस्टरांचं निदान झालं तेव्हा घरात तीन पिशव्या भरून कागद होते. कमरेचे एक्स-रे, मणक्याचे दोन एमआरआय, बी-१२ च्या इंजेक्शनांच्या चिठ्ठ्या, एका ऑपरेशनचं एस्टिमेट. पाच वर्षांचे कागद. त्यांतला एकही सासूबाईंच्या माहेराबद्दल बोलत नव्हता, आणि उत्तर तिकडेच होतं.

मिस्टर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर जॉबर. वयाच्या ३६ व्या वर्षी पाय जड व्हायला लागले. चप्पल पायातून निसटायची आणि यांना पत्ताच नसायचा. मग लघवीची घाई सुरू झाली. "दिवसभर उभ्याचं काम, मणका झिजला," असं ज्यानं त्यानं सांगितलं. रंग काळवंडला, पण सोलापूरच्या उन्हात कोण गोरा राहतो! शेवटी ४१ व्या वर्षी नाव कळलं: ॲड्रिनोमायलोन्यूरोपॅथी. ल्युकोडिस्ट्रॉफी नावाच्या आजारांच्या कुळातला हा एक आजार.

मी डॉक्टर नाही. औषध काय घ्यायचं ते डॉक्टरच सांगतील. पण कुठला कागद आधी, कुठली तपासणी नंतर, आणि कुठं फसायला होतं, हे कुणी आम्हाला सांगितलं असतं तर त्या पाचांतली तीन वर्षं तरी वाचली असती.

१. आधी कूळ ओळखा

मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या तंतूंवर मायलिनचं वेष्टण असतं, वायरीवर प्लास्टिक असतं तसं. हे तंतू जिथून जातात तो भाग पांढरा दिसतो, म्हणून व्हाइट मॅटर. एखाद्या जनुकातल्या दोषामुळे हे वेष्टण नीट बनत नाही किंवा बनलेलं टिकत नाही, ते आजार म्हणजे ल्युकोडिस्ट्रॉफी. लोकांना वाटतं हे लहान मुलांचेच आजार. बरेचसे आहेतही. पण काही जण तिशी-चाळिशी गाठेपर्यंत ठणठणीत असतात आणि मग हळूहळू घसरतात. डॉक्टरांचीही गाडी चुकते ती इथंच, कारण चाळिशीत पाय ओढत चालणाऱ्याचा मणकाच आधी आठवतो.

मोठ्यांमध्ये दिसणाऱ्यांपैकी काहींच्या खुणा सांगते. यावरून घरी निदान करू नका, डॉक्टरांना काय सांगायचं एवढंच यातून घ्या.

आमचा प्रकार एबीसीडी१ या जनुकाचा. पाय ताठ होतात, लघवीवर ताबा राहत नाही, आणि मूत्रपिंडावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी थकतात. त्यामुळे कातडी काळवंडते, सारखा थकवा येतो, खारट खावंसं वाटतं. कॅडासिल (जनुक नॉच३) हे खरं तर बारीक रक्तवाहिन्यांचं आनुवंशिक दुखणं, पण व्हाइट मॅटर त्यातही बिघडतं. त्यात डोळ्यांपुढं चमकून येणारी अर्धशिशी असते, आणि बीपी-शुगर नसताना चाळिशी-पन्नाशीत लकव्याचे छोटे झटके येतात. सीएसएफ१आर जनुकाच्या प्रकारात आधी स्वभाव बदलतो, माणूस तुटक वागतो, हिशेब चुकायला लागतात. घरचे मानसोपचारतज्ज्ञाकडे नेतात. मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफीही मोठेपणी अशीच वेडाच्या रूपात येऊ शकते. ताप किंवा डोक्याला मार लागल्यावर तब्येत एकदम खालावणं, आणि बायकांमध्ये पाळी फार लवकर जाणं, ही व्हॅनिशिंग व्हाइट मॅटरची खूण. आणि एक प्रकार मुद्दाम लक्षात ठेवा: सीटीएक्स. लहान वयात मोतीबिंदू, लहानपणापासून जुलाब, टाचेच्या मागच्या जाड शिरेवर गाठी. यावर चिनोडिऑक्सिकोलिक ॲसिड नावाचं औषध आहे आणि ते वेळेत सुरू झालं तर फरक पडतो. म्हणून न्यूरोलॉजिस्टना थेट विचारा, "सीटीएक्स नाही ना, बघितलंय का?"

उलट बाजूही सांगते. साठीच्या पुढं, बीपी-शुगर असलेल्या माणसाच्या एमआरआयमध्ये पांढरे ठिपके सापडले म्हणून घाबरू नका. ते बहुधा बारीक रक्तवाहिन्यांचं दुखणं असतं, आणि ते कितीतरी जास्त घरांत असतं.

२. तारखांची वही

एक शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर फक्त तारखा आणि घटना. "पाय दुखतात" असं लिहू नका. "२०१८ गणपतीत: रूपाभवानीच्या पायऱ्या उतरताना कठडा धरला. २०१९ उन्हाळा: डाव्या चपलेची पुढची कड झिजली. २०२०: एसटीत बसायला नको म्हणाले, लघवीच्या धास्तीनं." असं लिहा. चपलेची झिजलेली कड आम्ही खरोखर पिशवीतून नेली होती. डॉक्टर हसले नाहीत, उलटून बघितली आणि वळून मिस्टरांना चालायला सांगितलं.

तुमच्या माणसाचा चालतानाचा मोबाइल व्हिडिओही काढून ठेवा: समोरून, पाठीमागून, वळताना. दर सहा महिन्यांनी, घरातल्या त्याच पॅसेजमध्ये. हा आजार रांगत येतो, रोज बघणाऱ्याला दिसत नाही.

३. आजोळची वही

याच पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. हिला पैसे लागत नाहीत. पण भांडणं लागतात.

मी आधी सरळ विचारलं होतं, "आई, तुमच्याकडं कुणाला मेंदूचा आजार होता का?" सासूबाई ताडकन म्हणाल्या, "आमच्यात असलं काही नाही." विषय मिटला. दोन वर्षं मिटलेलाच राहिला. मग पुण्यात एका ओपीडीत एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "यांच्या आईच्या माहेरचं कुणी काठी घेऊन चालायचं का?" प्रश्नच वेगळा होता.

त्या जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला सासूबाईंची धाकटी बहीण कर्नाटकातल्या इंडीहून आली. रात्री शेंगा सोलता सोलता मी तोच प्रश्न टाकला. मावशी म्हणाल्या, "थोरल्या अण्णाचं असंच झालं होतं की ओ. काठी टेकत यायचा. धोतर ओलं व्हायचं म्हणून नंतर कट्ट्यावर येणंच सोडलं त्यानं." मग थोडं थांबून, "आणि अक्काचा पोरगा. दुसरीत होता. फळ्यावरचं दिसेना झालं, काहीबाही बडबडायला लागला, वर्षात गेला. करणी झाली म्हणाले." सासूबाई उठून आत गेल्या.

मिस्टरांचे मामा, आणि थोरल्या मावशीचा मुलगा. दोघंही पुरुष, दोघंही आईच्या बाजूचे. जनुकाच्या डॉक्टरांनी तो कागद बघितला आणि दोन मिनिटांत म्हणाले, "एक्स गुणसूत्रावरचा असणार."

तर असं विचारा:
- कोण काठी घेऊन चालायचं, कोण अंथरुणाला खिळलं, आणि साधारण कितव्या वर्षी?
- कोण लहानपणी गेलं? शाळा सुटली का? दिसणं, ऐकणं गेलं का?
- कुणाला वेडा, झपाटलेला, दारुडा म्हणायचे? (चालताना झोक जाणाऱ्याला दारुडा म्हणून मोकळं होतात.)
- तरुणपणी लकवा कुणाला? कायम डोकेदुखी कुणाला?
- कुणाची पाळी तिशी-पस्तिशीतच गेली?
- लग्न नात्यात झालं होतं का?

शेवटचा प्रश्न आपल्याकडं महत्त्वाचा. मामाची मुलगी करणं सोलापुरात नवं नाही, आणि काही तेलुगू-कन्नड घरांत सख्ख्या मामाशीही लग्न लागतं. डॉक्टर विचारतात तेव्हा लोक लाजेनं "लांबचं नातं" म्हणतात. तसं करू नका. काही प्रकारांत दोष आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो, आणि नात्यातल्या लग्नात तसं घडण्याची शक्यता वाढते. डॉक्टर कोणत्या दिशेला शोधतील हे या उत्तरावर ठरतं.

मग कागदावर आखा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजारी असेल तर आतून भरलेला, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ, नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ. तीन पिढ्या. नातेवाईक वरंगळ, करीमनगर, विजयपूर, कलबुर्गी असे विखुरलेले असतील तर फोनवर त्यांच्याच भाषेत बोलणारं माणूस बसवा. माझी कन्नड बाजारापुरती. मावशी बसल्या नसत्या तर मला "अण्णाचे पाय गेले" एवढंच कळलं असतं.

४. सोलापुरातच उरकायच्या तपासण्या

मोठ्या दवाखान्यात गेल्यावर पहिल्या फेरीत हेच लिहून देतात आणि एक चक्कर वाया जाते. आपल्या फिजिशियनना सांगून आधी करून घ्या: बी-१२, थायरॉइड, शुगर, लिव्हर-किडनी, सोडियम-पोटॅशियम, एचआयव्ही, व्हीडीआरएल (सिफिलिसची तपासणी). एचआयव्हीचं नाव ऐकून रागावू नका. बी-१२ ची कमतरता, एचआयव्ही, सिफिलिस हे सगळे मज्जारज्जूला किंवा मेंदूला असाच त्रास देतात आणि त्यांवर औषध आहे, म्हणून ते आधी बाजूला काढायचे असतात.

सापळा: बी-१२ कमी निघाला की सगळे खूश होतात. आमचाही कमी निघाला होता. शाकाहारी घरात तो सहज कमी निघतो. सहा महिने इंजेक्शनं घेतली, आकडा वर गेला, पाय तसेच. आकडा सुधारूनही चालणं घसरत असेल तर तिथं थांबू नका.

आता ॲड्रिनलची तपासणी. सकाळी आठ-नऊच्या आत कॉर्टिसॉल (या ग्रंथी बनवतात ते स्टिरॉइड) आणि सोबत एसीटीएच (ग्रंथींना काम करायला सांगणारं मेंदूकडचं संप्रेरक). एसीटीएचची बाटली बर्फात ठेवून लगेच लॅबला जावी लागते. घरी येऊन रक्त नेणारा मुलगा मोटारसायकलच्या डिकीत टाकून एप्रिलच्या उन्हात चार घरं फिरणार असेल तर तो आकडा कुचकामी. लॅबमध्ये स्वतः जा.

आणि ही तपासणी स्टिरॉइड घ्यायच्या आधी. आम्हाला एका ठिकाणी मल्टिपल स्क्लेरोसिस (शरीराची प्रतिकारशक्तीच मायलिनवर उलटते तो आजार) समजून पाच दिवस शिरेतून स्टिरॉइड दिलं. मिस्टर चौथ्या दिवशी म्हणाले, "मला कामावर जावंसं वाटतंय." आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो. दोन आठवड्यांत पुन्हा मरगळ. पुढं कळलं की ग्रंथी जे बनवत नव्हत्या तेच बाहेरून मिळालं होतं. सांधेदुखीच्या गावठी पुड्यांमध्येही स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं, त्यामुळे तसलं काही चालू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. कॉर्टिसॉलचा आकडा त्यानं पार फसवा होतो.

५. एमआरआय

कमरेचा एमआरआय काढला की चाळिशीच्या बऱ्याच माणसांत कुठंतरी चकती सरकलेली दिसते. आमच्या रिपोर्टात एल४-एल५ (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली चकती) होतं आणि ऑपरेशनची तारीखसुद्धा ठरत आली होती. ज्यांनी थांबवलं त्यांनी एवढंच केलं: गुडघ्यावर हातोडी मारली. पाय जोरात उडाला. तळव्यावर किल्ली ओढली, अंगठा वर गेला. कमरेतली नस दबली असेल तर गुडघ्याची उडी साधारण मंदावते. ती जास्त असेल तर बिघाड वर आहे, मज्जारज्जूत किंवा मेंदूत. ऑपरेशनला हो म्हणण्याआधी ही एक गोष्ट विचारून घ्या.

काढायचा तो मेंदूचा आणि पूर्ण मज्जारज्जूचा एमआरआय, कॉन्ट्रास्टसह (शिरेतून औषध टोचून). कॉन्ट्रास्टआधी क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीचा रिपोर्ट लागतो. डॉक्टरांना विनंती करा की फॉर्मवर "पाय दुखणे" न लिहिता "ल्युकोडिस्ट्रॉफीची शंका" असं लिहा. रेडिओलॉजिस्ट जे विचारलंय ते आधी बघतात. आमच्या जुन्या फिल्ममध्येही छातीच्या पातळीवरचा मज्जारज्जू बारीक झालेला होता, नंतर दाखवून दिला गेला. पण तेव्हा सगळ्यांचं लक्ष चकत्यांकडं.

फिल्म नको, सीडी घ्या. पेन ड्राइव्हमध्ये दोन प्रती करा. फिल्मवर निवडक चित्रं असतात. पुढचा डॉक्टर सगळी चित्रं सरकवून बघतो. सीडी काही सेंटर मागितल्याशिवाय देत नाहीत, आणि काही महिन्यांनी गेलात तर "सिस्टिममधून गेलं" ऐकावं लागतं.

रिपोर्टातले शब्द वाचून गुगल करत बसू नका, पण एवढं बघा: बदल दोन्ही बाजूंना सारखे आहेत का? आनुवंशिक प्रकारांत बहुधा डावी-उजवी बाजू आरशासारखी दिसते. मल्टिपल स्क्लेरोसिसचे डाग विखुरलेले, कमीजास्त असतात, आणि त्रासही झटक्यांनी येतो-ओसरतो. जागेवरूनही अंदाज येतो. मेंदूच्या मागच्या भागात आणि दोन्ही अर्धांना जोडणाऱ्या पट्ट्याच्या मागच्या टोकाला बदल असले तर एबीसीडी१ आठवतं. कानशिलाच्या पुढच्या टोकाला असले तर कॅडासिल. सीएसएफ१आरची शंका असेल तर साधा सीटी स्कॅनही मागवतात, कारण चुन्याचे बारीक ठिपके सीटीत जास्त नीट दिसतात.

६. पुणे, मुंबई की हैदराबाद

न्यूरोलॉजिस्ट सोलापुरातही आहेत आणि सुरुवात तिथूनच करा. जनुकांच्या डॉक्टरांसाठी मात्र बाहेर जावं लागतं. पुणं अडीचशे किलोमीटर. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जाऊन रात्रीपर्यंत परत येता येतं. मुंबईला रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसलं की सकाळी दादर, तिथून परळचं केईएम जवळ. केईएम हे दुर्मिळ आजारांसाठी केंद्र सरकारनं नेमलेलं उत्कृष्टता केंद्र आहे. हैदराबादला निम्स हे रुग्णालय आणि सीडीएफडी ही डीएनए तपासणारी संस्था मिळून असंच केंद्र आहे, आणि ज्यांचं नातं-गोतं तेलंगणात आहे त्यांना राहायला घर मिळतं हा मोठा फायदा.

लघवीची घाई असलेल्या माणसाचं तिकीट काढताना खालचा बर्थ, डब्याच्या टोकाचा. अडल्ट डायपर घालायला मिस्टर तयार नव्हते. मी म्हटलं, "पहिल्या फेरीपुरतं घाला." पुढं तेच आठवण करून द्यायला लागले.

फाइलमध्ये या क्रमानं लावा:
- तारखांचं पान आणि वंशावळीचा कागद (सगळ्यात वर)
- एका पानाचा सारांश: वय, त्रास कधीपासून, आता काय जमत नाही, चालू औषधं
- एमआरआयच्या सीड्या, तारीख लिहून
- रक्ताचे रिपोर्ट, जुने खाली, नवे वर
- नसांची तपासणी म्हणजे एनसीव्ही झाली असेल तर ती
- आधार, रेशन कार्ड, विम्याची पॉलिसी. प्रत्येकी चार झेरॉक्स
- चालण्याचा व्हिडिओ फोनमध्ये आधीच काढून ठेवलेला, चार्जर सोबत

तीनही पिशव्या नेऊ नका. मी नेल्या होत्या. डॉक्टरांनी वरची आठ पानं बघितली.

७. खास रक्त

एबीसीडी१ साठी व्हीएलसीएफए, म्हणजे फार लांब साखळीच्या मेदाम्लांची तपासणी. रात्री जेवून बारा तास उपाशी राहायचं. उपाशी म्हणजे उपाशी: चहा नाही, बिस्किट नाही. शेंगदाण्यात यांतली काही मेदाम्लं मुळातच थोडीफार असतात, म्हणून मी आदल्या रात्री शेंगा चटणीचा डबा वरच्या फळीवर ठेवला. रिपोर्टात सी-२६ चा आकडा आणि दोन गुणोत्तरं असतात, तिन्ही मिळून बघतात. पुरुषांत ही तपासणी सहसा चुकत नाही. बायकांत चुकते: दोष असलेल्या दर पाच-सहा बायकांमागे साधारण एकीचा आकडा नॉर्मल येतो. नणंदेचा नॉर्मल आला तेव्हा घरात आनंद झाला होता. जनुक तपासल्यावर कळलं की आनंद चुकीचा होता.

मेटाक्रोमॅटिकसाठी ॲरिलसल्फेटेज ए, क्रॅबे नावाच्या आणखी एका ल्युकोडिस्ट्रॉफीसाठी जीएएलसी, ही एन्झाइमं. ती पांढऱ्या पेशींत मोजतात, म्हणून पेशी शाबूत पोहोचायला हव्यात. रक्त गोठवायचं नाही, तापवायचं नाही, लवकर पोहोचवायचं. शनिवारी रक्त देऊ नका. रविवारी ते कुरिअरच्या गोदामात पडून राहतं, आणि आपल्याकडचा मे महिना! जमलं तर ज्या शहरात लॅब आहे तिथंच जाऊन द्या. ॲरिलसल्फेटेज कमी आलं म्हणजे आजार ठरलाच, असंही नसतं. काही निरोगी लोकांतही ते जन्मतः कमी असतं, म्हणून लघवीतले सल्फेटाइड आणि जनुक बघूनच ठरवतात. सीटीएक्ससाठी कोलेस्टॅनॉल मागतात. साधं कोलेस्टेरॉल नॉर्मल असून चालत नाही.

८. जनुक तपासणी

जांभळ्या झाकणाच्या बाटलीत चार-पाच मिली रक्त, झालं. अवघड भाग आधी आणि नंतर असतो.

आधी: कुठली तपासणी? एकच जनुक, जनुकांचा गट, की एक्झोम (सगळ्या जनुकांचे प्रथिनं बनवणारे भाग एकदम)? वंशावळ आणि एमआरआय एकाच नावाकडं बोट दाखवत असतील तर एकच जनुक बघणं स्वस्त पडतं. नाहीतर एक्झोम. आमच्या वेळी एक्झोमचे वीस-पंचवीस हजार सांगितले होते. रक्त देताना लॅबच्या फॉर्मवर लक्षणं पूर्ण लिहिली आहेत का ते स्वतः वाचा. "न्यूरो केस" एवढंच लिहिलेला फॉर्म मी डोळ्यांनी बघितलाय. हजारो बदलांतून कुठला महत्त्वाचा हे लॅब त्या लक्षणांवरून ठरवते.

एक्झोमला काय दिसत नाही हेही विचारून घ्या. एलएमएनबी१ या प्रकारात अख्खं जनुक दोनदा छापलं गेलेलं असतं, ते साध्या वाचनातून निसटू शकतं. एफएमआर१ शी संबंधित थरथर आणि तोल जाण्याच्या आजारात एकच तुकडा पुन्हा पुन्हा आलेला असतो, त्याची वेगळी तपासणी लागते. एबीसीडी१ चे तर जुळ्यासारखे दिसणारे निकामी तुकडे इतर गुणसूत्रांवर पडलेले आहेत, वाचनात गोंधळ होतो. म्हणून जनुकासोबत व्हीएलसीएफए हवंच.

नंतर: रिपोर्ट यायला महिना-दीड महिना. त्यात तीन प्रकारचे शब्द येतात. "पॅथोजेनिक" किंवा "लाइकली पॅथोजेनिक" म्हणजे आजाराशी संबंध लागला. काहीच सापडलं नाही तर निगेटिव्ह. आणि तिसरा, सगळ्यांना छळणारा: व्हीयूएस. बदल सापडलाय, पण तो दोषी की निर्दोष हे आज सांगता येत नाही. व्हीयूएसवर कुणाचं लग्न मोडू नका, गर्भाचा निर्णय घेऊ नका. घरातल्या दुसऱ्या आजारी माणसात तोच बदल आहे का, निरोगी म्हाताऱ्यांत आहे का, हे तपासून पुढचं ठरतं. निगेटिव्ह आला तरी कच्चा डेटा मागून ठेवा. एक-दोन वर्षांनी तोच डेटा नव्या माहितीनं पुन्हा वाचता येतो.

९. नाव कळल्यावर

आमच्या प्रकारात हिशेब असा. बापाचं एक्स गुणसूत्र सगळ्या मुलींना जातं, मुलाला एकही जात नाही. म्हणजे माझा मुलगा मोकळा, आणि मुलीकडं दोष आहेच, तपासायचीसुद्धा गरज नाही. आईकडून मात्र प्रत्येक मुलाला-मुलीला निम्मी-निम्मी शक्यता. म्हणून धाव घ्यायची ती नणंदेच्या सात वर्षांच्या मुलाकडं.

मी ते फोनवर सांगितलं आणि चुकले. "आमच्या पोरावर नजर लावू नका वहिनी," म्हणून फोन ठेवला. चार महिने गेले. मग जनुकाच्या डॉक्टरांना मी नातेवाइकांसाठी एक पानी पत्र मागितलं: कुणाला धोका, कुठली तपासणी, का लवकर. सहीशिक्क्याचं ते पत्र नणंदेच्या मिस्टरांनी वाचलं आणि तिसऱ्या दिवशी मुलाला घेऊन आले. असं पत्र पहिल्याच दिवशी मागा. सासूबाईंना "तुमच्यामुळं" असं कुणी म्हणू नये हेही त्याच डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं. दोष कुणी निवडून घेत नाही, आणि सत्तरीतल्या त्या बाईचे स्वतःचे पाय दहा वर्षांपासून ताठ होते. आम्ही संधिवात समजत होतो.

मुलग्यांना लहान वयात तपासायचं कारण आहे. ॲड्रिनलवर औषध आहे, आणि मेंदूतला बदल अगदी सुरुवातीला सापडला तर बोनमॅरो ट्रान्सप्लांटचा विचार होतो. लक्षणं दिसायला लागल्यावर बहुतेकदा उशीर झालेला असतो. म्हणून तीन ते बारा वयात दर सहा महिन्यांनी मेंदूचा एमआरआय सांगतात. कॅडासिलसारख्या, मोठेपणीच येणाऱ्या आणि आज रोखता न येणाऱ्या प्रकारांत मात्र मुलांना उगाच तपासत नाहीत; अठरा पूर्ण झाल्यावर ते स्वतः ठरवतील. हा फरक नातेवाइकांना समजावा, नाहीतर कुणी घाबरून सगळ्या पोरांची बोटं टोचत सुटतं.

पैशांचं थोडक्यात. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात यादीतल्या आजारांच्या उपचारासाठी उत्कृष्टता केंद्रामार्फत ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे, आणि सुरुवातीच्या टप्प्यातल्या मुलांच्या ट्रान्सप्लांटचा त्यात समावेश आहे. मिस्टरांसारख्या मोठ्यांसाठी बरं करणारं औषध आज नाही, त्यामुळे त्यांच्या वाट्याला फिजिओथेरपी, ताठरपणाच्या गोळ्या आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. कार्डासाठी ऑनलाइन अर्ज करून सिव्हिलच्या बोर्डापुढं जावं लागतं. न्यूरोलॉजिस्टचं पत्र नेलं तर काम सोपं होतं.

"स्टेम सेलनं बरं करतो" म्हणणारे फोन निदानानंतर महिन्याभरात यायला लागतात. नंबर कुठून मिळतो देव जाणे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मान्यता नसलेल्या आजारांवर पैसे घेऊन असे उपचार विकता येत नाहीत. वर सांगितलेलं बोनमॅरो ट्रान्सप्लांट वेगळं, ते नेमक्या केंद्रांत, नेमक्या टप्प्यावर होतं.

१०. खिशातली चिठ्ठी

ॲड्रिनल कमी पडत असतील तर हे लगेच करा, बाकी सगळं मागून. रोजची हायड्रोकॉर्टिसोन गोळी कधीही एकदम बंद करायची नाही. ताप, उलट्या, दात काढणं, ऑपरेशन, अपघात, या वेळी डोस वाढवावा लागतो. किती, ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शन. आमच्या मिस्टरांना एकदा साध्या जुलाबात बीपी इतकं घसरलं की रिक्षातच मान टाकली, आणि दवाखान्यात नुसतं सलाइन लावून बसवलं होतं. तेव्हापासून ही चिठ्ठी, मराठीत एका बाजूला आणि इंग्रजीत दुसऱ्या बाजूला, लॅमिनेट करून:

"मला ॲड्रिनल इन्सफिशियन्सी आहे. मी रोज हायड्रोकॉर्टिसोन घेतो. मी बेशुद्ध असेन, सारख्या उलट्या होत असतील, अपघात झाला असेल किंवा ऑपरेशन करायचं असेल तर १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून किंवा स्नायूतून ताबडतोब द्या आणि सलाइन लावा. रिपोर्टची वाट बघू नका. माझ्या डॉक्टरांचा नंबर: ... घरचा नंबर: ..."

१०० मिलिग्रॅम हा मोठ्या माणसाचा डोस. मुलाच्या चिठ्ठीवर त्याच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांनी लिहिलेला आकडा टाका आणि वजन वाढलं की चिठ्ठी बदला. आमच्याकडं एक मिस्टरांच्या पाकिटात असते, एक कारखान्याच्या ऑफिसात मुकादमाच्या टेबलाच्या काचेखाली, आणि एक भाच्याच्या दप्तरात, डब्याच्या कप्प्यात. तिथं ती बाईंना रोज दिसते.